खडकीच्या दगडांवरची नावं

पुण्यात होळकर पुलाजवळ, मुळा रोडवर, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. आसपासचे लोक त्या जागेला ‘वॉर सिमेट्री’ म्हणतात. हिरवळीवर एकाच मापाच्या दगडी शिळांच्या रांगा, शिळांच्या पायथ्याशी फुलझाडं आणि एक उंच दगडी क्रूस. याच आवारात पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे. त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत. येणारा माणूस बहुतेक कबरींपाशी रेंगाळतो आणि नावांच्या फलकांवरून नजर फिरवून निघून जातो. या जागेचा मोठा इतिहास मात्र त्या फलकांत आहे. कबर असते तिथे माणूस आहे हे उघडच असतं. नुसतं नाव असतं तिथे विचारावं लागतं, की हा माणूस आहे कुठे आणि त्याचं नाव इथे कसं आलं? एकदा हे विचारलं की पुढचा प्रश्नही टाळता येत नाही. कोणाची नावं आलीच नाहीत?

मुळात साध्या शिपायाला स्वतःची कबर द्यायची, तिच्यावर त्याचं नाव कोरायचं, ही रीत फार जुनी नाही. वॉटर्लूच्या लढाईनंतरसुद्धा युरोपात साधे सैनिक सरसकट एका खड्ड्यात पुरले गेले होते. नावाचा दगड मिळायचा तो अधिकाऱ्याला, तोही त्याच्या घरच्यांकडे पैसे असतील तर. हे बदललं १९१४ नंतर, आणि त्यात फॅबियन वेअर या गृहस्थाचा वाटा सर्वांत मोठा. चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे सैन्यात घेतलं गेलं नाही म्हणून तो रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकांचं पथक घेऊन फ्रान्सला गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं, की कोण कुठे पुरला आहे याची नोंद कोणीच ठेवत नाही. लाकडाचा क्रूस पावसात पडला की माणूस कायमचा हरवला. त्याच्या पथकाने स्वतःहून नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यातूनच २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने ‘इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ उभं राहिलं. १९६० मध्ये त्याच्या नावातला ‘इंपीरियल’ जाऊन ‘कॉमनवेल्थ’ आला. खडकीची देखभाल आजही हेच कमिशन करतं.

कमिशनने सुरुवातीलाच काही कडक नियम घातले. प्रेत मायदेशी न्यायचं नाही. त्याआधी सधन घराणी आपापल्या मुलांचे देह इंग्लंडला आणू लागली होती. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू १९१५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये मारला गेला आणि त्याचा देह घरी आणला गेला, तेव्हा गरिबाच्या मुलाने काय करायचं हा प्रश्न समोर आला आणि बंदी आली. दुसरा नियम, सगळ्यांना एकच शिळा, जनरल असो की घोड्यांना दाणा घालणारा. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ च्या अहवालात हे तत्त्व स्पष्ट मांडलं. शिळेची उंची २ फूट ८ इंच, रुंदी १५ इंच. वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय आणि धर्माची खूण. खाली घरच्यांना दोन शब्द घालायला जागा ठेवली. पहिल्या युद्धानंतर तिथे ६६ अक्षरांची मर्यादा होती आणि अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले जात. शोकात असलेल्या आईकडून अक्षरं मोजून पैसे घ्यायचे, ही गोष्ट तेव्हाही पुष्कळांना लागली आणि पुढे ही रक्कम ऐच्छिक झाली.

आता हे सगळं खडकीत कसं पोचलं ते पाहू. ५ नोव्हेंबर १८१७ ला याच माळावर पेशव्यांची फौज आणि कंपनीची फौज यांची गाठ पडली. पेशवाई गेली आणि खडकीत छावणी आली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे सैन्यातल्या पूल, रस्ते, सुरुंग सांभाळणाऱ्या दलाचं ठाणंही खडकीतच. पुणेकर त्याला बीईजी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सगळा देशच ब्रह्मदेशाच्या आघाडीचा तळ झाला, तेव्हा पुणे, देवळाली, अहमदनगर, महू या छावण्या गोऱ्या पलटणींनी भरून गेल्या. इथे गोळीबार नव्हता, पण मलेरिया, हगवण, टायफॉइड होते. सरावात अपघात होत, वाहनं उलटत, विमानं पडत. आघाडीवरून आणलेले जखमी इस्पितळात जात आणि त्यातले काही परतत नसत. मेलेल्याला त्या त्या छावणीच्या दफनभूमीत ठेवलं जाई.

युद्ध संपलं, ब्रिटिश सैन्य निघून जाणार हे ठरलं, तेव्हा या विखुरलेल्या कबरी पुढे पाहणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची निगा राखण्याची खात्री देता येत नव्हती, त्या हलवून खडकीत एकत्र करायचं ठरलं. वॉर सिमेट्री जन्मली ती अशी. तिथे झोपलेल्यांपैकी पुष्कळांना खडकीने जिवंतपणी कधी पाहिलंही नसेल. काही शिळांवर १९४६-४७ च्या तारखा दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. युद्धात गेलेला कोण, हे ठरवायला कमिशनने मुदत घातली आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या मुदतीत सैन्यात असताना जो गेला तो युद्धात गेला असं धरलं जातं, मग तो गोळीने जावो की तापाने.

पहिल्या युद्धाच्या स्मारकाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९१४ च्या शरद ऋतूत भारतातल्या मुरलेल्या ब्रिटिश पलटणी घाईघाईने युरोपात पाठवल्या गेल्या. त्यांच्या जागी इंग्लंडहून आल्या त्या ‘टेरिटोरियल’ पलटणी. आठवड्याचे दिवस दुकानात, बँकेत, शेतावर काम करून सुट्टीच्या दिवशी कवायत करणारी ही मुलं. सॉमरसेट, डेव्हन, हॅम्पशायर, केंट असल्या परगण्यांतली. त्यांची भरती झाली होती ती घरच्या बेटाच्या रक्षणासाठी. परदेशी जायला ती आपण होऊन तयार झाली, आणि फ्रान्सऐवजी मुंबईच्या धक्क्यावर उतरली. लढाई न पाहता यातली कितीतरी मुलं उन्हाने आणि पटकीने गेली. ज्यांनी लढाई पाहिली ती बहुधा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये.

मेसोपोटेमियाची मोहीम मुख्यतः मुंबईतून चालली. जहाजं इथून रसद घेऊन बसऱ्याला जात आणि येताना जखमी, आजारी माणसं आणत. १९१५-१६ मध्ये औषधोपचाराची व्यवस्था इतकी कोलमडली, की तिची चौकशी व्हिन्सेंट-बिंगले समितीने केली आणि १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालाने लंडनमध्ये खळबळ उडवली. मुंबईतल्या मोठ्या इमारतींची इस्पितळं झाली. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत तयार झाली तीच युद्धाच्या तोंडावर. मूर्ती आणि चित्रं यायच्या आधी तिथे खाटा आल्या, आणि संग्रहालय म्हणून तिची दारं उघडली ती १९२२ मध्ये. मुंबईत मेलेल्या गोऱ्या शिपायांपैकी बरेच शिवडीच्या दफनभूमीत पुरले गेले.

१९४७ नंतर शिवडी असो की एखाद्या आडगावची छावणी, सगळीकडे एकच अवस्था झाली. ब्रिटिश पलटणी गेल्या, चर्चची माणसं कमी झाली, दफनभूमीवर गवत माजलं. तेव्हा कमिशनने दोन वाटा काढल्या. जून १९६२ मध्ये शिवडीतून ६२९ सैनिकांचे अवशेष काढून खडकीत आणले आणि पुन्हा पुरले. भारत आणि पाकिस्तानातल्या अनेक छावण्यांतले बाकीचे देह जिथे होते तिथेच राहू दिले आणि त्यांची नावं तेवढी खडकीच्या स्मारकावर कोरली. मद्रास आणि कराचीतही असंच केलं गेलं. म्हणून खडकीचं हे स्मारक दुहेरी आहे. त्यावरची काही माणसं त्याच आवारात मातीखाली आहेत आणि काही शेकडो कोस दूर, ज्यांच्या थडग्यावर आता काही वाचता येत नाही. दगड हरवला तरी नाव हरवू द्यायचं नाही, या एका आग्रहापोटी कमिशनने केलेला हा खटाटोप मला फार मोठा वाटतो. पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या, ज्याच्यासाठी रडणारं कोणी उरलं नसेल अशा शिपायाचं नाव शोधून, तपासून, पुन्हा कोरायचं, याला चिकाटी लागते.

आवारात आणखी एक स्मारक आहे आणि तिथे फार थोडे लोक थांबतात. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले सुमारे २०० सैनिक दुसऱ्या युद्धात भारतात, आघाडीपासून दूर, मरण पावले. त्यांची नावं तिथे आहेत. नायजेरिया, गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, सिएरा लिओन, गांबिया, केनिया, युगांडा, टांगानिका, न्यासालँड इथली माणसं जपान्यांशी लढायला ब्रह्मदेशात आली होती. ८१ आणि ८२ व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजन, ११ वी पूर्व आफ्रिकी डिव्हिजन या त्यांच्याच. आराकानच्या जंगलात वाहनं जात नव्हती, तिथे हे लोक डोक्यावर ओझी वाहून तोफा आणि दारूगोळा पुढे नेत. ब्रह्मदेशची लढाई म्हटलं की आपल्याला कोहिमा आणि इंफाळ आठवतात. आफ्रिका कोणाला आठवत नाही. नायजेरियातल्या एखाद्या कुटुंबाच्या आजोबांचं नाव पुण्यात मुळा रोडवर आहे, हे त्या कुटुंबाला तरी ठाऊक असेल का, हा विचार मनातून जात नाही.

मग खडकीचे स्वतःचे शिपाई कुठे आहेत? ते फ्रान्समध्ये आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी उत्तर फ्रान्समधल्या नव-शापेल या गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांनी हल्ला केला. थर्ड सॅपर्स म्हणजेच खडकीचे बॉम्बे सॅपर्स. पूल बांधायला आणि खंदक खणायला शिकलेल्या या माणसांना पायदळ कमी पडलं म्हणून संगिनी लावून पुढे पाठवलं. ते गावात घुसले, घराघरातून लढले आणि मागून कुमक न आल्यामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे ब्रिटिश अधिकारी त्या दिवशी पडले, कोणी ठार, कोणी जखमी. नव-शापेलला ७ ऑक्टोबर १९२७ रोजी भारतीय स्मारक उघडलं गेलं. हर्बर्ट बेकर यांनी त्याची आखणी केली. गोल आवार, त्याला दगडी जाळीची भिंत आणि एक उंच स्तंभ. ज्यांची कबर नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथे आहेत. सॉमरसेटच्या मुलाचं नाव खडकीत आणि खडकीच्या सॅपरचं नाव नव-शापेलला, अशी ही अदलाबदल आहे.

हिंदू आणि शीख शिपायाला कबर नसते. त्याला अग्नी दिला की मागे काही उरत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत भिंतीवरचं नाव हीच एकमेव खूण असते. इटलीत सांग्रो नदीच्या दफनभूमीत अशा पाचशेहून अधिक भारतीयांसाठी वेगळं स्मारक आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांचंही असंच. त्यांची कबर नाही. नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर आहे आणि पुतळा आपल्या माणगावात.

नव-शापेल आणि कासिनो पाहून वाटेल, की सगळ्यांना एकच न्याय हे तत्त्व भारतीयांपर्यंत पोचलं. युरोपात ते बऱ्याच अंशी पोचलं. मेसोपोटेमियात पोचलं नाही. आणि मराठी माणसाला सर्वांत जवळचं युद्ध तेच होतं. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा मराठा पलटणी तिकडे लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपलं, घोडी कापून खाल्ली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढे वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत किती जण गेले, ती कहाणी वेगळी आणि भयंकर आहे. या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये शत्त-अल-अरबच्या काठी बसरा स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, अगदी शेवटच्या हुद्द्याच्या माणसापर्यंत. भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत. भारतीय शिपाई, नाईक, हवालदार यांच्या नावांऐवजी मात्र पलटणवार आकडे आहेत. अमुक पलटण, इतके. साताऱ्याचा, रत्नागिरीचा, कुलाब्याचा शिपाई त्या दगडावर फक्त बेरजेत आहे. १९९७ मध्ये इराकी सरकारने ते स्मारक उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेऊन उभं केलं.

या लोकांना नावाचं महत्त्व कळत नाही, असं तेव्हाचे काही साहेब म्हणत असत. आफ्रिकेबद्दल तर हे सर्रास बोललं गेलं. या म्हणण्याला उत्तर खडकीपासून फार लांब नाही. १ जानेवारी १८१८ ची लढाई झाल्यावर कंपनी सरकारनेच कोरेगाव भीमाला स्तंभ उभारला आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली. त्या ४९ नावांत २२ नावं महार शिपायांची आहेत. बसरा स्मारकाच्या शंभर वर्षं आधी! ती नावं वाचूनच पुढच्या पिढ्यांनी त्या जागेला आपलं मानलं, डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले आणि आज लाखो लोक जातात. नाव कोरल्याने काय होतं, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा? आकड्यापुढे कोणी फूल ठेवायला येत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कमिशनने नेमलेल्या समितीचा अहवाल आला, तेव्हा हे सगळं अधिकृतपणे कागदावर आलं. पहिल्या युद्धातल्या ४५,००० ते ५४,००० सैनिकांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने केलं गेलं नाही. त्यात प्रामुख्याने भारतीय, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन आणि सोमाली होते. आणखी किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही. कमिशनने माफी मागितली. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत खेद व्यक्त केला. ही माफी उशिराची असली तरी मला ती महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे हरवलेली नावं शोधणं हे कमिशनचं अधिकृत काम झालं.

आपल्याकडे गावोगावी जी खूण राहिली तीही आकड्याचीच. पहिल्या युद्धानंतर सरकारने अनेक गावांत छोटे संगमरवरी फलक लावले. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली आणि तिथेही स्तंभ उभा राहिला. ते गाव आज ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. त्याही आधीचे आपले वीरगळ पाहिले तर त्यावर लढाई कोरलेली असते, स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा असतात, वर सूर्यचंद्र असतात, पण बहुतेकांवर नाव नसतं. गावाला नाव ठाऊक होतं तोवर त्याची गरज भासली नाही. आता गावालाही ते ठाऊक नाही.

घरात कोणी महायुद्धात गेलं होतं असं ऐकलेलं असेल, तर आज शोध घेता येतो. कमिशनच्या संकेतस्थळावर जवळपास १७ लाख माणसांची नोंद आहे आणि ती फुकट पाहता येते. भारतीय शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला आहे. अडचण येते ती स्पेलिंगची. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकच आडनाव चार प्रकारे सापडतं आणि कित्येकदा आडनावच नसतं, नुसतं पाळण्यातलं नाव असतं. म्हणून नावाने शोधण्यापेक्षा पलटणीवरून आणि मृत्यूच्या वर्षावरून यादी काढावी आणि मग जिल्हा पाहत खाली उतरावं. घरी जुनं पदक असेल तर ते आधी बाहेर काढावं, कारण पहिल्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. जुन्या नंबरांच्या पलटणींची नावं १९२२ मध्ये बदलली हेही लक्षात ठेवावं. १०३ वी ती पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण झाली. भारतात, आघाडीपासून दूर, दुसऱ्या युद्धात वारलेल्या भारतीय सैनिकाचा शोध घ्यायचा असेल तर खडकीत जाऊन उपयोग नाही. अशा २५,००० हून अधिक जणांची नोंद दिल्ली आणि कराचीच्या १९३९-४५ च्या स्मारकांच्या नावे आहे. आणि कोकणातला, गोव्यातला कोणी जहाजावर होता असं घरात सांगत असतील, तर मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये बुडालेल्या खलाशांचं स्मारक आहे, तिथपासून सुरुवात करावी.